भांडार, टपाल आणि यांत्रिक कारकून

शाळेची घंटा आपण सर्वजण रोज ऐकतों; पण ती वाजते कशी, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. शिपाई घड्याळाकडे पाहतो, कांटा ठरलेल्या जागीं आला म्हणजे टोला देतो, आणि टोला पडतांच शेंकडों मुलें आपापल्या वह्या मिटतात. घंटेस वेळ कळत नाहीं, घड्याळास वर्ग ठाऊक नाहींत. तरी सर्व कांहीं सुरळीत चालतें, कारण या दोहोंच्या मध्यें एक नियम उभा आहे. 'अमुक घडलें म्हणजे तमुक करावें', हा तो नियम होय. संगणकाच्या व्यवहारांत ज्यास वर्कफ्लो ऑटोमेशन म्हणतात, म्हणजे कामाचा ओघ यंत्राकडून चालविणें, त्याचें सारें मर्म या एका वाक्यांत आहे.

प्रस्तुत लेखांत या व्यवस्थेचा एकच प्रकार आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों. संगणकाच्या आज्ञावली ज्या भांडारांत ठेवितात तें भांडार एकीकडे, आणि आपलें नित्य परिचयाचें ईमेल दुसरीकडे. या दोहोंची गांठ कशी घालतात, आणि ती घातल्यावर काय काय संभाळावें लागतें, हें सांगण्याचा हा प्रयत्न आहे. विषय कोरडा भासेल. परंतु आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांचे वडील, काका, थोरल्या बहिणी पुण्यास किंवा बंगळूरास याच उद्योगांत आहेत, आणि भर मध्यरात्रीं त्यांचा फोन कां वाजतो हें घरच्या मंडळींस एक कोडेंच असतें. तें थोडेंबहुत उकलावें असा हेतु आहे. शिवाय दुसरेंहि एक कारण आहे. तें सांगतांना आम्हांस थोडी लाज वाटते. तरी प्रथम तेंच सांगतों.

आमच्या संगणकमंडळांतील नववी-दहावीचे अकरा विद्यार्थी शाळेच्या संकेतस्थळावरील वेळापत्रकाची एक लहानशी आज्ञावली संभाळतात, व आम्ही त्यांस मार्गदर्शन करतों. गेल्या वर्षीं या मंडळानें मोठ्या उत्साहानें अशी व्यवस्था केली कीं, भांडारांत कोणीं कांहींहि बदल केला म्हणजे यंत्रानें तो तपासावा, आणि निकाल काय लागला याचें पत्र अकराहि जणांस व आम्हांस धाडावें. पहिलें पत्र आलें तेव्हां कोण आनंद झाला! दुसऱ्या दिवशीं नऊ पत्रें आलीं. पुढें एका संध्याकाळीं चाळीस आलीं. बहुतेक सर्वांचा मजकूर एकच : 'तपासणी झाली, सर्व ठीक आहे.' पंधरा दिवसांच्या आंत प्रत्येकानें आपल्या टपालपेटींत एक वेगळा कप्पा केला, सारीं यांत्रिक पत्रें परभारें त्यांत पडतील अशी तजवीज केली, आणि मग त्या कप्प्याकडे कोणी ढुंकूनहि पाहीनासें झालें. आमची स्वतःची गोष्टहि निराळी नव्हती.

पुढें तोंडी परीक्षेचें वेळापत्रक चढवितांना आठवीच्या एका तुकडीची तारीख एक दिवसानें पुढें सरकली. यंत्रानें कार्यालयाची मूळ यादी व संकेतस्थळावरील तक्ता ताडून पाहिला, चूक बरोबर पकडली, आणि रात्रीं पावणेदहा वाजतां बारा पत्रें धाडलीं. बाराहि पत्रें त्या कप्प्यांत निमूटपणें जाऊन पडलीं. ज्यांनीं वर्गांतील फळ्यावरून तारीख उतरून घेतली होती ते वेळेवर आले. पण तापामुळें चार दिवस घरीं असलेली, दूरच्या वस्तीवरून दोन बसगाड्या बदलून येणारी एक मुलगी संकेतस्थळ पाहून दुसऱ्या दिवशीं आली. परीक्षा आदल्या दिवशींच आटोपली होती. तिची परीक्षा पुढील आठवड्यांत घेण्यांत आली, व तिचें नुकसान झालें नाहीं. पण तिनें व्हरांड्यांत उभी राहून विचारलेला प्रश्न आमच्या मनांतून जात नाहीं. ती म्हणाली, "सर, यंत्रानें पत्र पाठविलें होतें ना? मग तें कोणीं वाचलें कां नाहीं?"

या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें तर प्रथम भांडार म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. दुकानदाराची रोजकीर्द ज्यांनीं पाहिली असेल त्यांस तें समजण्यास वेळ लागणार नाहीं. नेटक्या रोजकीर्दींत मागील ओळ खोडीत नाहींत. चूक झाली तर खालीं नवी नोंद करून ती दुरुस्त करतात, आणि त्यामुळें दहा वर्षांनंतरहि कोणता पैसा कोठून आला व कोठें गेला हें सांगतां येतें. आज्ञावलीचें भांडार हेंहि असेंच असतें. त्यांतील प्रत्येक नोंदीस कमिट म्हणतात. काय बदललें, कोणीं बदललें, केव्हां बदललें आणि कां बदललें, या चार गोष्टी तींत लिहिलेल्या असतात.

आज सर्वांत अधिक प्रचारांत असलेली भांडारपद्धति म्हणजे गिट होय. लिनक्स या प्रसिद्ध प्रणालीचा जनक लिनस टॉरवाल्ड्स यानें ती २००५ सालच्या एप्रिल महिन्यांत रचण्यास आरंभ केला. तोंपर्यंत लिनक्सची मंडळी बिटकीपर नांवाची एका कंपनीची पद्धति विनामूल्य वापरीत असत. ती सवलत बंद झाली, तेव्हां त्यानें स्वतःच नवी पद्धति उभी केली. गिटमध्यें प्रत्येक नोंदीस तिच्या मजकुरावरून गणितानें काढलेली चाळीस अक्षरांची एक खूण मिळते, आणि त्या गणितांत आधींच्या नोंदीची खूणहि मिसळलेली असते. मागल्या पानांतील एक स्वल्पविराम कोणीं बदलला तरी तेथून पुढील सर्व खुणा बदलतात. यामुळें जुन्या नोंदींत गुपचूप हात घालणें अतिशय अवघड होतें. अशीं भांडारें ठेवण्यासाठीं मोठमोठीं सार्वजनिक घरें निघालीं. त्यांपैकीं गिटहब २००८ सालीं सुरू झालें व २०१८ सालीं तें मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विकत घेतलें.

आतां टपालाकडे वळूं. ईमेल हें भांडाराहून पुष्कळ वडील आहे. एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरील माणसास पत्र पाठविण्याची युक्ति रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्यानें १९७१ सालीं साधली, आणि माणसाचें नांव व यंत्राचें नांव यांच्या मध्यें 'ॲट' ही खूण घालण्याची चालहि त्यानेंच पाडली. एका टपालघरानें दुसऱ्या टपालघराशीं कोणत्या शब्दांत बोलावें, याचे नियम १९८२ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत पुढें भर पडली, पण मूळ सांगाडा तोच आहे. इतक्या वर्षांत किती नव्या सोयी आल्या व गेल्या! ईमेल मात्र टिकून राहिलें. याचें कारण असें कीं, तें कोणा एका कंपनीच्या मालकीचें नाहीं, जवळजवळ प्रत्येकाजवळ त्याचा पत्ता आहे, आणि पत्र लिहिणारा व वाचणारा एकाच वेळीं जागे असण्याची त्यास गरज नाहीं.

भांडार व टपाल यांचा संबंध आज नव्यानेंच जुळला असें कोणी समजूं नये. लिनक्सची मंडळी जगभर पसरलेलीं. त्यांचा सर्व व्यवहार पहिल्यापासून पत्रांनींच चाले. म्हणून टॉरवाल्ड्स व त्याचे साहाय्यक यांनीं गिटच्या पोटांतच तशी सोय केली. एक आज्ञा दिली कीं नोंदीचें पत्र तयार होतें : नोंदीचा मथळा तो पत्राचा विषय, नोंदीचें कारण तो पत्राचा मजकूर, आणि त्याखालीं काढलेल्या ओळी उणे चिन्हानें व घातलेल्या ओळी अधिक चिन्हानें दाखविलेल्या. या पत्रास ते लोक पॅच, म्हणजे ठिगळ, म्हणतात. दुसऱ्या आज्ञेनें हें पत्र रवाना होतें. आणि तिसरी आज्ञा दिली म्हणजे तें जेथें पोंचलें तेथें त्याची पुनः जशीच्या तशी नोंद होते. पत्राची नोंद व नोंदीचें पत्र अशी ही देवघेव आहे.

याच मंडळींत यांत्रिक कारकूनहि पुष्कळ दिवस राबत आहेत. गूगलच्या अभियंत्यांनीं २०१७ सालापासून चालविलेला सिझबॉट हा त्यांपैकीं एक. लिनक्सच्या गाभ्यास चित्रविचित्र आज्ञा अहोरात्र देत राहावें आणि तो कोठें कोलमडतो तें पाहावें, एवढेंच त्याचें काम. दोष सांपडला म्हणजे तो त्या भागाच्या जबाबदार मंडळींस पत्र लिहितो. गंमत अशी कीं, त्या पत्रास उत्तरहि देतां येतें. 'हा दोष अमुक मथळ्याच्या नोंदीनें दूर होईल' अशी एक ओळ ठरलेल्या खुणेनें उत्तरांत लिहिली, कीं सिझबॉट ती नोंद भांडारांत येण्याची वाट पाहत बसतो, आणि ती आली म्हणजे प्रकरण मिटवून टाकतो. 'हें ठिगळ लावून एकदां तपासून पाहा' असेंहि त्यास पत्रानेंच सांगतां येतें. तशीच दुसरी एक चाल आहे. एखादी दुरुस्ती लिनक्सच्या जुन्या आवृत्त्यांतहि घ्यावी अशी खूण नोंदींत केलेली असली, आणि ती जुन्या आवृत्तींत नीट बसली नाहीं, तर तिच्या लेखकास व संबंधित मंडळींस तसें यांत्रिक पत्र जातें. वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी : यांपैकीं कोणतेंहि पत्र 'सर्व ठीक आहे' हें सांगण्यासाठीं नाहीं. प्रत्येक पत्रांत कोणाला तरी कांहीं तरी करावयाचें असतें.

हे झाले थोरामोठ्यांचे व्यवहार. आमच्यासारख्या लहान मंडळास अशी व्यवस्था कशी उभारतां येते तें आतां पायरीपायरीनें पाहूं. गिटहबनें २०१९ सालच्या नोव्हेंबरपासून ॲक्शन्स या नांवाची सोय सर्वांस खुली केली आहे. तींत भांडारांतच, ठरलेल्या जागीं, एक साधी मजकुराची फाईल लिहून ठेवावी लागते. तिच्यांत तीन गोष्टी असतात : कोणती घटना घडली असतां काम सुरू करावें, कोणत्या क्रमानें कोणतीं कामें करावीं, आणि कोणत्या अटीवर कोणतें काम करावें किंवा करूं नये. नियमाची ही फाईल स्वतःच भांडारांत असल्यामुळें नियम कोणीं व केव्हां बदलला याचीहि नोंद आपोआप राहते, हा मोठा लाभ आहे.

समजा, एका विद्यार्थ्यानें वेळापत्रकांतील एक ओळ दुरुस्त केली व आपली नोंद भांडारांत चढविली. ही झाली घटना. गिटहब ती पाहतांच नियमांची फाईल उघडतें आणि या घटनेवर कोणतें काम ठरलें आहे तें वाचतें. मग कामासाठीं एक कोरा संगणक थोड्या वेळापुरता मिळतो. हा संगणक म्हणजे दूरच्या एखाद्या मोठ्या यंत्रांतील एक लहानसा भाग असतो, व काम होतांच तो पुसून टाकण्यांत येतो. त्यामुळें मागच्या कामाचा कचरा पुढच्या कामांत येत नाहीं. या कोऱ्या संगणकावर भांडाराची प्रत उतरविली जाते व तपासणी चालते. आमच्या तपासणींत तीन प्रश्न आहेत : तक्त्यांतील तारखा मूळ यादीशीं जुळतात काय, एकाच खोलींत एकाच वेळीं दोन परीक्षा आल्या आहेत काय, आणि एखादी तारीख रविवारीं किंवा सुटीच्या दिवशीं पडते काय. तपासणी उतरली तर तक्ता संकेतस्थळावर चढतो. न उतरली तर 'अपयश आलें असतां' या अटीखालीं लिहिलेली पायरी चालू होते, आणि ती टपालघराशीं बोलून पत्र धाडते. हें सर्व होण्यास एखाद-दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाहीं.

दुसरीहि एक रीत आहे. पोस्टांत रोज जाऊन 'आमचें कांहीं पत्र आहे काय?' असें विचारणें, आणि पत्र आलें म्हणजे पोस्टमनानें घरीं आणून देणें, यांत जो फरक आहे तोच येथें आहे. पूर्वीं एक आज्ञावली दर पांच-दहा मिनिटांनीं भांडारास विचारीत बसे; त्यांत पुष्कळ खेपा फुकट जात. आतां भांडारच घटना घडतांच ठरलेल्या पत्त्यावर निरोप टाकतें. या निरोपास वेबहूक म्हणतात. झॅपियर, एन-एट-एन यांसारख्या मध्यस्थ सेवा हा निरोप घेतात, त्यांतील नोंदीचा मथळा, लेखकाचें नांव, शाखा इत्यादि भाग निवडतात, अटी लावून पाहतात, आणि मग पत्र रचून पाठवितात. या सेवांत आज्ञावली न लिहितां चौकोनांस चौकोन जोडून काम भागतें, म्हणून नवशिक्यांस त्या सोयीच्या वाटतात. मात्र निरोप खरोखर भांडाराकडूनच आला आहे, कोणा तोतयाकडून नव्हे, हें पाहावें लागतें. त्यासाठीं दोघांत एक गुप्त शब्द ठरवितात. भांडार तो गुप्त शब्द व निरोपाचा मजकूर यांवरून गणितानें एक मोहोर काढून निरोपाबरोबर पाठवितें; घेणारा तेंच गणित स्वतः करून पाहतो. दोन्ही मोहोरा जुळल्या तरच पाकीट उघडावयाचें.

इतकें सर्व आमच्या विद्यार्थ्यांनीं उत्तम साधलें होतें. मग चुकलें कोठें? त्या मुलीच्या प्रश्नानंतर आम्ही सर्वजण एक दिवस शाळा सुटल्यावर बसलों, व त्या बैठकींत चार गोष्टी ध्यानांत आल्या. त्या आमच्याच नव्हेत, तर अशी व्यवस्था करणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगीं पडतील, म्हणून येथें नमूद करतों.

पहिली गोष्ट अशी कीं, पत्र म्हणजे कुलूप नव्हे. आमच्या जुन्या व्यवस्थेंत तपासणी एकीकडे चाले आणि तक्ता दुसरीकडे परस्पर संकेतस्थळावर चढे. यंत्र 'चूक आहे' असें ओरडत असतांच चुकीचा तक्ता लोकांपुढें उभा राही. आतां आम्हीं दोन्ही कामें एकाखालीं एक लावलीं आहेत. तपासणी उतरल्यावांचून तक्ता चढतच नाहीं. जेथें यंत्रास स्वतः थांबवितां येतें तेथें थांबविण्याचें काम यंत्रास द्यावें, आणि जेथें माणसाची बुद्धि लागते तेथेंच पत्र धाडावें.

दुसरी गोष्ट, बारा जणांस गेलेलें पत्र कोणासच गेलेलें नसतें. प्रत्येकास वाटतें कीं उरलेल्या अकरांपैकीं कोणी तरी पाहील. आतां अपयशाचें पत्र दोघांसच जातें : ज्यानें नोंद केली त्यास, आणि त्या आठवड्याची जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्यास. मोठ्या कंपन्यांतहि हीच रीत आहे. तेथें माणसें आठवड्या-आठवड्यानें जबाबदारी वांटून घेतात, आणि ज्याच्याकडे ती असते त्याचा फोन रात्रीं वाजतो. पालकमंडळींस ज्याचें कोडें पडतें तें बहुधा हेंच होय.

तिसरी गोष्ट, यशाचीं पत्रें बंद करावीं. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट लहानपणीं सर्वांनीं ऐकली आहे. तींतील मुलगा खोटें बोलला म्हणून त्याचा विश्वास गेला. आमच्या यंत्रानें एकदांहि खोटें सांगितलें नव्हतें. तरी 'लांडगा आला नाहीं, लांडगा आला नाहीं' हें तें दिवसांतून चाळीस वेळां सांगत राहिलें, आणि परिणाम तोच झाला.

चौथी गोष्ट तिसरीच्या उलट बाजूची आहे, आणि ती एका विद्यार्थिनीच्याच ध्यानांत आली. यशाचीं पत्रें बंद केल्यावर शांततेचे दोन अर्थ होतात : एक, सर्व ठीक आहे, दुसरा, यंत्रच बंद पडलें आहे. हें भय पोकळ नव्हे. गिटहबच्या सार्वजनिक भांडारांत साठ दिवस कांहींच हालचाल झाली नाहीं तर वेळेवर चालणारीं कामें आपोआप थांबविण्यांत येतात. उन्हाळ्याच्या सुटींत शाळेच्या भांडाराचें असें होणें अगदीं सहज शक्य आहे. यास्तव आतां दर सोमवारीं सकाळीं एकच लहानसें पत्र येतें : 'मी चालू आहें.' ज्या सोमवारीं तें आलें नाहीं त्या दिवशीं पाहावयाचें. हें पत्र बसवितांना मुलांची आणखी एक फजिती झाली. त्यांनीं फाईलींत सातची वेळ लिहिली, आणि पत्र आलें दुपारीं साडेबारा वाजतां. येथील वेळ जागतिक प्रमाणवेळेनें मोजली जाते, आणि आपली वेळ तिच्यापुढें साडेपांच तास आहे. भूगोलाच्या तासास रेखावृत्तें कशाला शिकावयाचीं, असें विचारणाऱ्यांस याहून चांगलें उत्तर आम्हांस सुचत नाहीं.

याखेरीज दोन धोके सांगितल्यावांचून हा विषय पुरा होणार नाहीं. पहिला धोका टपालाचा. एखादा गृहस्थ रजेवर जातांना 'मी रजेवर आहें' असें आपोआप उत्तर जाण्याची सोय करून जातो. आमचें यंत्र त्यास पत्र धाडतें. तो उत्तर पाठवितो. यंत्र त्या उत्तरासहि उत्तर देऊं लागलें तर दोघांची जुगलबंदी टपालपेटी भरेपर्यंत संपत नाहीं. म्हणून २००४ सालीं असा संकेत प्रसिद्ध झाला कीं, यंत्रानें धाडलेल्या पत्राच्या माथ्यावर तशी खूण असावी, आणि ती खूण पाहिल्यावर दुसऱ्या यंत्रानें उत्तर देऊं नये.

दुसरा धोका याहून गंभीर आहे; तो किल्ल्यांचा. यंत्रास पत्र धाडावयाचें तर टपालपेटीचा संकेतशब्द त्याच्या हातीं द्यावा लागतो. नवशिके तो नियमांच्या फाईलींतच लिहून टाकतात. रोजकीर्द विसरत नाहीं हें आपण वर पाहिलेंच. पुढें ती ओळ काढून टाकली तरी जुन्या नोंदींत ती राहते, आणि भांडार सार्वजनिक असल्यास कोणासहि वाचतां येते. यासाठीं किल्ल्या ठेवण्याची वेगळी कुलूपबंद जागा असते, तेथेंच त्या ठेवाव्या. आणि चुकून फाईलींत गेल्याच तर ओळ पुसण्यावर विसंबून न राहतां कुलूपच बदलावें. दुसऱ्याच्या हातचीं तयार कामें वापरतांनाहि सावध असावें. २०२५ सालच्या मार्च महिन्यांत, भांडारांतील कोणत्या फाईली बदलल्या तें सांगणारें एक तयार काम दुष्टांनीं बिघडविलें; तेवीस हजारांहून अधिक भांडारें तें वापरीत होतीं, आणि ज्या भांडारांत तें त्या दिवसांत चाललें तेथील गुप्त किल्ल्या कामाच्या टांचणांत उमटूं लागल्या. ज्यांनीं त्या कामाचें नुसतें आवृत्तीचें नांव न लिहितां आधींच्या चांगल्या नोंदीची चाळीस अक्षरी खूण लिहून ठेविली होती, त्यांस त्याची बाधा झाली नाहीं. नांव दुसऱ्यास चिकटवितां येतें, खूण चिकटवितां येत नाहीं.

शेवटीं एक घडलेली हकीकत सांगतों. एक्सझेड नांवाचें एक साधन आहे. मजकूर दाबून लहान करणें हें त्याचें काम, आणि जगांतील असंख्य संगणकांवर तें असतें. एका टोपणनांवाच्या व्यक्तीनें दोन वर्षांहून अधिक काळ त्यांत चांगलें काम करून विश्वास संपादन केला, आणि २०२४ सालच्या फेब्रुवारी व मार्चमधील आवृत्त्यांत एक चोरदरवाजा बसविला. त्याचा एक महत्त्वाचा तुकडा भांडारांत ठेवलेलाच नव्हता. वांटण्यासाठीं बांधलेल्या गठ्ठ्यांत तेवढा घातलेला होता. त्यामुळें भांडारावर नजर ठेवणाऱ्या यंत्रांस बोलण्यासारखें कांहीं दिसलें नाहीं. आंद्रेस फ्रॉइंड हा अभियंता पोस्टग्रेस या माहितीकोशाच्या कामांत होता. आपल्या यंत्रांत शिरतांना नेहमींपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढें त्याच्या ध्यानांत आलें. त्यास आठवलें कीं, कांहीं आठवड्यांपूर्वीं पोस्टग्रेसच्या यांत्रिक तपासणींत एक चमत्कारिक तक्रार आली होती. त्यानें दोहोंचा मेळ घातला, खोल शोध घेतला, आणि २९ मार्च २०२४ रोजीं सुरक्षिततेच्या सार्वजनिक पत्रयादीस एक साधें ईमेल धाडलें. चोरदरवाजा असलेल्या आवृत्त्या ताबडतोब मागें घेण्यांत आल्या, आणि कोट्यवधि लोकांवरचें संकट टळलें.

या हकीकतींत यंत्राचा वाटा आहे, आणि तो लहान नाहीं. तक्रार त्यानें केली होती. परंतु तक्रार वाचणारा, ती लक्षांत ठेवणारा, आणि अर्ध्या सेकंदाचा हिशेब मागणारा माणूस नसता, तर ती इतर हजारों तक्रारींप्रमाणें एखाद्या कप्प्यांत पडून राहिली असती. यांत्रिक कारकून निरोप पोंचवितो. निरोपाची दखल घेणें त्याच्या हातीं नाहीं. म्हणून अशी व्यवस्था रचणारानें पत्र कसें जाईल एवढेंच न पाहतां, तें कोण वाचील, वाचून काय करील, आणि तो माणूस आजारी असला तर दुसरा कोण, हेंहि त्याच बैठकींत ठरविलें पाहिजे. त्या मुलीच्या प्रश्नास आमच्याजवळ हेंच उत्तर आहे : पत्र धाडण्याचा नियम आम्हीं केला होता, वाचण्याचा केला नव्हता.

या वर्षाच्या पहिल्या सत्रांत यंत्राकडून अपयशाचीं सातच पत्रें आलीं. सातहि त्याच दिवशीं वाचलीं गेलीं, आणि सातहि चुका संकेतस्थळावर चढण्यापूर्वीं दुरुस्त झाल्या. ती मुलगी आतां नववींत असून संगणकमंडळांत आली आहे. आठवड्याच्या जबाबदारीची वही तिच्याकडे असते. प्रत्येक पत्रापुढें तें कोणीं वाचलें व काय केलें, हें ती स्वतःच्या हातानें लिहून ठेविते.